दृष्टान्त आणि दार्ष्टान्तिक : गुरुत्वाच्या मराठी विवरणाची चिकित्सा

अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी नोव्हेंबर १९१५ मध्ये मांडलेला व्यापक सापेक्षतेचा सिद्धान्त मराठीत सांगावयाची वेळ आली, की बहुधा एक चादर ताणली जाते. चौघांनी चार कोपरे धरावयाचे, मध्ये जड गोळा ठेवावयाचा, चादरीला झोळ पडावयाचा आणि कडेने सोडलेली गोटी त्या झोळाभोवती फिरत फिरत मध्याकडे यावयाची. मग सांगावयाचे, की गोळा म्हणजे सूर्य, गोटी म्हणजे पृथ्वी आणि चादर म्हणजे अवकाशकाल. मूळचा दृष्टान्त ताणलेल्या रबरी पडद्याचा; मराठीत येताना त्याची चादर झाली, क्वचित गोधडीही झाली, पण आशय बदलला नाही. पाहणाऱ्याचे समाधान होते, यात शंका नाही. ते समाधान कशाचे असते, हा मात्र विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

हा प्रश्न केवळ पाठ्यपुस्तकांपुरता राहिलेला नाही. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील दोन लायगो वेधयंत्रांनी गुरुत्वीय लहरी प्रथम टिपल्या आणि ११ फेब्रुवारी २०१६ रोजी ती वार्ता जाहीर झाली. त्याच महिन्यात भारतातील तशाच वेधशाळेला तत्त्वतः मान्यता मिळाली आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपयांच्या खर्चासह केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली. तिचे स्थान औंढा नागनाथ तालुक्यात, हिंगोली जिल्ह्यात आहे. १ मे १९९९ पूर्वी हा सारा भाग परभणी जिल्ह्यातच मोडत असे. म्हणजे ज्या प्रदेशात चक्रधरांचे दृष्टान्त आणि नामदेव-जनाबाईंची वाणी रुजली, त्याच प्रदेशातील शेतकऱ्याला आणि शिक्षकाला आता अवकाशकालाविषयी काही एक बोलावे लागणार आहे. त्यांच्या हाती कोणती भाषा दिली जाते, याला म्हणून महत्त्व आहे.

दृष्टान्ताची परीक्षा करण्याचे साधन परक्या शास्त्राकडून उसने आणण्याची आवश्यकता नाही. न्यायसूत्रकार गौतमांच्या मते ज्या अर्थाविषयी लौकिक आणि परीक्षक, म्हणजे सामान्य मनुष्य आणि चिकित्सक विद्वान, या दोघांची बुद्धी एकसारखी असते, तो दृष्टान्त होय. ही अट वाटते त्यापेक्षा कठोर आहे. दृष्टान्त सोपा असून भागत नाही. अडाण्याला त्यात जे दिसते तेच जाणत्यालाही दिसले पाहिजे. चादरीच्या बाबतीत नेमकी हीच अट मोडते. लौकिक पाहतो ती गोटी खाली घसरताना. परीक्षकाला पाहावयाची असते ती गोटीची वक्र पृष्ठावरील शक्य तितकी सरळ वाट. दोघांचे डोळे एकाच वस्तूवर आहेत आणि बुद्धी दोन ठिकाणी.

दुसरे साधन अधिक जवळचे आहे. महानुभाव पंथाच्या 'दृष्टान्तपाठा'त केसोबासांनी चक्रधरांचे दृष्टान्त संकलित केले, त्यांची रचना तीन अंगांची आहे. प्रथम सूत्र, मग दृष्टान्त, आणि शेवटी दार्ष्टान्तिक. सूत्र आणि दृष्टान्त चक्रधरांचे, दार्ष्टान्तिक केसोबासांचे. हत्ती आणि आंधळे यांचा सर्वपरिचित दृष्टान्त तेथे आहे, पण तो सांगून ग्रंथकार थांबत नाहीत. हत्ती कशाच्या ठिकाणी, आंधळे कोणाच्या ठिकाणी, हे ते जुळवून देतात. गोष्ट आणि सिद्धान्त यांमधील हा सांधा म्हणजेच दार्ष्टान्तिक. मराठीतील आद्य गद्यग्रंथांपैकी एकाने तेराव्या शतकात जी शिस्त पाळली, ती आजच्या विज्ञानविवरणात सहसा पाळली जात नाही. सूत्र उच्चारले जाते, दृष्टान्त रंगवून सांगितला जातो आणि दार्ष्टान्तिक वाचकावर सोपविले जाते.

आणि येथे वाचक विशेषच असहाय असतो. नैयायिकांचे उपमानाचे उदाहरण प्रसिद्ध आहे : गवय गायीसारखा असतो असे वनवासी मनुष्याकडून ऐकून नागरिक अरण्यात जातो आणि समोरचे जनावर पाहून हाच तो गवय, असे ओळखतो. उपमान सफल होते, कारण शेवटी गवय डोळ्यांना दिसतो आणि गायीशी त्याचा जो भेद असेल तोही दिसतो. अवकाशकालाच्या वक्रतेपाशी कोणालाही असे उभे राहता येत नाही. गणित न शिकलेल्या वाचकाजवळ जन्मभर गायच राहावयाची. त्यामुळे गाय निवडताना आणि तिचे काय घ्यावे, काय टाकावे हे सांगताना दुप्पट काळजी घ्यावयास हवी.

आता चादरीचे दोष पाहावयाचे. पहिला दोष आत्माश्रयाचा आहे. गोळ्यामुळे चादर दबते ती का? खाली पृथ्वी आहे आणि ती गोळ्याला ओढते म्हणून. गोटी झोळाकडे घरंगळते तीही त्याच कारणाने. ज्याचे स्पष्टीकरण करावयाचे तेच गुरुत्व चादरीखाली आधीच उभे केलेले असते. ढिल्या बाजेवर निजलेले दोघे पहाटेपर्यंत मधल्या खोलगटात एकमेकांवर येतात, हा घरोघरीचा अनुभव. पण तो गुरुत्वाचा परिणाम आहे, कारण नव्हे. पृथ्वीपासून दूर, भाररहित अवस्थेत हीच चादर ताणली तर गोळा तिला दाबणार नाही आणि गोटी जेथे ठेवली तेथेच राहील.

हा शेवटचा मुद्दा अधिक खोल आहे. समजा, चादरीचा आकार कसाही करून वक्र ठेवला आणि खालचे गुरुत्व काढून टाकले. वक्र पृष्ठावर चालणाऱ्याची वाट वळेल, हे खरे. परंतु जो चालतच नाही त्याची वाट वळणार कशी? फांदीवरून सुटलेला आंबा सुटण्याच्या क्षणी स्थिर असतो. केवळ अवकाशाच्या वक्रतेने तो हलावयास नको. तो हलतो, कारण अवकाशात स्थिर असलेली वस्तूही काळात पुढे जातच असते, आणि वळण पडते ते त्या वाटचालीला. चादरीत काळ नाही. लोकांच्या अनुभवातील जवळजवळ सारे गुरुत्व, म्हणजे फळाचे पडणे, चेंडूचे उंचावून खाली येणे, चंद्राचे फिरणे, हे ज्या अंगामुळे घडते, तेच अंग दृष्टान्तातून गळालेले आहे.

हे किती गळाले, ते मोजूनही दाखविता येते. २९ मे १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणात सूर्याजवळून येणाऱ्या ताऱ्यांच्या प्रकाशाचे विचलन मोजण्यात आले. सिद्धान्ताप्रमाणे सूर्याच्या कडेशी ते १.७५ विकला असावयास हवे होते. यांपैकी निम्मे काळाच्या अंगाचे आणि निम्मे अवकाशाच्या वक्रतेचे. म्हणजे अत्यंत वेगवान अशा प्रकाशाच्या बाबतीत चादर अर्धे सत्य सांगते. वस्तू जितकी संथ, तितका अवकाशाच्या वक्रतेचा वाटा क्षीण होत जातो. आंब्याच्या बाबतीत तो विचारात घेण्याइतकाही उरत नाही. ही टीका चादरीवर आहे, ती ताणणाऱ्या शिक्षकांवर नव्हे. त्यांच्यापुढे दुसरे काही ठेवलेलेच नाही.

दुसरे म्हणजे काय, याचा शोध घेताना परभणी जिल्ह्यातील सेलू तालुक्याच्या वालूर या गावाकडे वळणे उचित ठरेल. मराठवाड्यात बारवा पुष्कळ आहेत. बहुतेकींच्या पायऱ्या सरळ किंवा चौफेर टप्प्यांनी पाण्याकडे उतरतात. वालूरच्या वर्तुळाकार बारवेच्या पायऱ्या मात्र भिंतीला धरून मळसूत्री उतरत जातात आणि म्हणूनच ती विशेष ओळखली जाते. भौतिकीचे अभ्यासकही गुरुत्वाला 'विहीर' म्हणतात, हा योगायोग नव्हे. खोल जाणे सोपे आणि वर येण्यास शक्ती वेचावी लागणे, हा दोहोंचा साधारणधर्म आहे. तथापि ही विहीरही दार्ष्टान्तिकावाचून सांगितली, तर चादरीसारखीच फसवील.

पुस्तकांत कृष्णविवराभोवती फनेलासारखी जी खोलगट आकृती काढलेली असते, तिचे मूळ लुडविग फ्लाम यांच्या १९१६ च्या विवेचनात आहे. त्या आकृतीतील खोली ही खरी दिशा नव्हे. खाली जाताना घेर आकुंचित होत जाणारी एखादी बारव घ्यावी आणि तिच्या भिंतीवर एक मुंगी सोडावी. मुंगीला वर-खाली काही ठाऊक नाही. तिला केवळ भिंतीवरून चालता व मोजता येते. वरच्या थराचा घेर ती मोजते, खालच्या थराचा मोजते, आणि दोन थरांमधील अंतरही मोजते. भूमी सपाट असती तर दोन घेरांतील फरकाला २π ने भागून थरांमधील अंतर नेमके निघाले असते. तिला ते त्याहून अधिक भरते. घेर आणि अंतर यांमधील ही विसंगती म्हणजेच वक्रता. बारवेची खोली हा ती विसंगती डोळ्यांना दिसावी म्हणून केलेला उपाय. इतके सांगितले तर विहीर दृष्टान्त होते. न सांगितले तर ऐकणारा विचारतो, की सूर्याखालच्या खड्ड्याचा तळ कोठे आहे, आणि हा प्रश्न विचारण्यात त्याचा काहीही दोष नसतो.

मराठीतील 'वक्र' हा शब्दही येथे साह्य करीत नाही. वाकडे ते वक्र, ही लोकबुद्धी. गुंडाळलेली चटई लोकांच्या दृष्टीने वाकलेली आहे. परंतु गाऊस यांनी १८२७ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे तिच्या अंगची वक्रता शून्यच, कारण ती न ताणता, न फाडता पुन्हा पसरता येते. संत्र्याचे साल तसे पसरता येत नाही; ते कोठे ना कोठे फाटते. सिद्धान्ताला अभिप्रेत असलेली वक्रता संत्र्याच्या सालीची आहे, चटईची नव्हे. 'वक्रदृष्टी', 'वक्री ग्रह' या शब्दप्रयोगांनी आणलेला अनिष्टाचा वासही मराठी वाचकाच्या मनातून सहज जात नाही, ही आणखी एक अडचण.

उलट दोन शब्द असे आहेत, की ज्यांचा उपयोग विवरणकारांनी जितका करावयास हवा होता तितका केलेला दिसत नाही. 'अवकाश' हा शब्द मराठीत जागा आणि वेळ या दोन्ही अर्थी चालतो. 'पेरणीला अजून अवकाश आहे' असे म्हणणारा शेतकरी आकाशाविषयी बोलत नसतो. 'अंतर' हा दुसरा. दोन गावांत अंतर असते आणि दोन मुलांतही दोन वर्षांचे अंतर असते. दिवाळी 'लांब' असते, श्रावण 'जवळ' येतो. आइन्स्टाइन यांचे गुरू हेर्मान मिंकोव्स्की यांनी १९०८ मध्ये अवकाश आणि काळ यांना एकत्र आणले, तेव्हा युरोपीय वाचकाला जो धक्का बसला, तो मराठी वाचकाला भाषेच्या अंगाने तरी निम्म्यानेच बसावयास हवा. याउलट 'गुरुत्वाकर्षण' या शब्दात आकर्षण, म्हणजे ओढणे, हा न्यूटनकालीन दृष्टान्त कायमचा थिजून बसला आहे. कर्षण आणि कृषी यांचा धातू एकच. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये पृथ्वीच्या ठायी मानलेल्या आकृष्टिशक्तीतही तोच. २०१६ नंतर 'गुरुत्वाकर्षण लहरी' आणि 'गुरुत्वीय लहरी' अशी दोन्ही रूपे प्रचारात आली. त्यांपैकी दुसरे स्वीकारावे, हे केवळ लाघवासाठी नव्हे. ज्या सिद्धान्तातून त्या लहरी निघाल्या, त्यात ओढणारा कोणीच नाही.

ओढणारा नसताना दोघे जवळ कसे येतात, याचा निर्दोष दृष्टान्त पृथ्वीच्या गोलावरच मिळतो. विषुववृत्तावर एकमेकांपासून एक रेखांश, म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, दूर असलेले दोन प्रवासी नाक उत्तरेच्या समोर ठेवून निघाले. आरंभी त्यांच्या वाटा समांतर आहेत. परभणीच्या अक्षांशावर येईपर्यंत त्यांच्यातील अंतर १०५ किलोमीटरांवर आलेले असते. कोणीही वळले नाही, कोणी कोणाला ओढले नाही, आणि ध्रुवावर ते भेटतात. दार्ष्टान्तिक असे : उत्तर म्हणजे काळ, प्रवासी म्हणजे शेजारी शेजारी सोडलेले दोन दगड. बारवेच्या समोरासमोरच्या काठांवरून, १० मीटर अंतरावरून, दोन दगड एकाच वेळी सोडले, तर ते पृथ्वीच्या मध्याकडे जात असल्यामुळे १० मीटर खाली येईपर्यंत सुमारे ०.०१६ मिलिमीटरने एकमेकांजवळ आलेले असतात. दगडाबरोबर पडणाऱ्याला स्वतःचा भार जाणवणार नाही, हे आइन्स्टाइन यांना १९०७ मध्येच सुचले होते. पण दगडांमधील हे जवळ येणे त्यालाही दिसेल. पडता पडताही जे नाहीसे होत नाही, ते खरे गुरुत्व. चादरीतील दिखाऊ झोळापेक्षा केसाच्या जाडीहूनही कमी असलेले हे अंतर अधिक प्रामाणिक आहे.

बारवेच्या तळाशी घड्याळ ठेवले, तर ते काठावरच्या घड्याळापेक्षा संथ चालेल. १० मीटर खोलीसाठी हा फरक वर्षाकाठी सुमारे ३४ नॅनोसेकंद येतो, म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाच्या चौतीस पट. हार्वर्ड येथील मनोऱ्यात पाउंड व रेब्का यांनी १९६० मध्ये साडेबावीस मीटर उंचीवर हाच परिणाम मोजला. वाट दाखविणाऱ्या उपग्रहांवरील घड्याळे उंचीमुळे दिवसाला सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात आणि वेगामुळे ७ मायक्रोसेकंद मागे पडतात. उरलेली ३८ मायक्रोसेकंदांची चूक दुरुस्त केली नाही, तर एका दिवसात स्थान ११ किलोमीटरांपर्यंत चुकेल. आंबा खाली का येतो, याचे उत्तर या घड्याळांत आहे.

वालूरच्या मळसूत्री पायऱ्यांचा सर्वांत मोलाचा उपयोग मात्र अद्याप सांगावयाचा आहे. पृथ्वी सूर्याभोवती वर्तुळात फिरते, असे चित्र काढले की पुन्हा काळ हरवतो. बारवेची खोली ही काळाची दिशा मानावी. मग पृथ्वीची वाट वर्तुळ न राहता त्या पायऱ्यांसारखी मळसूत्री होते : एक फेरा म्हणजे एक वर्ष, आणि फेरा संपल्यावर मनुष्य त्याच दिशेला येतो, पण त्याच पायरीवर नव्हे. आता प्रमाण पाहावे. पृथ्वीच्या कक्षेची त्रिज्या प्रकाशाला सुमारे ५०० सेकंदांची. एका फेऱ्याची खोली मात्र प्रकाशाच्या एका वर्षाची, म्हणजे त्रिज्येच्या सुमारे ६३,००० पट. बारवेची त्रिज्या ५ मीटर धरली, तर एका फेऱ्यासाठी पायऱ्या सुमारे ३१५ किलोमीटर खाली गेल्या पाहिजेत. इतक्या उभ्या मळसूत्राला कोण वाकडे म्हणेल? पृथ्वीची वाट अवकाशकालात जवळजवळ सरळ आहे; तिचे वर्तुळ दिसते ते काळ वगळून, बारवेच्या तोंडाशी उभे राहून सरळ खाली पाहिल्यामुळे. वर फेकलेला चेंडू आणि बंदुकीची गोळी यांच्या कमानी डोळ्यांना किती निराळ्या दिसतात! काळाची दिशा धरून मोजले, तर दोन्हींची वक्रत्रिज्या सारखीच, सुमारे एक प्रकाशवर्ष, निघते. चादरीला हे कधीच दाखविता यावयाचे नाही.

लहरींच्या बाबतीत डोहात टाकलेल्या दगडाचा दृष्टान्त वृत्तपत्रांनी घरोघर पोहोचविला. तो अगदीच टाकाऊ नाही. उगमापासून दूर पसरत जाणे आणि क्षीण होणे, एवढे त्यातून कळते. परंतु डोहात पाणी वर-खाली होते. गुरुत्वीय लहर एका दिशेने आखडते आणि तिच्या काटकोनातील दिशेने ताणते. सायकलची ट्यूब दोन बाजूंनी दाबली असता ती दुसऱ्या दोन बाजूंनी लांबते, हा दृष्टान्त डोहापेक्षा नेमका आहे, आणि औंढ्याच्या यंत्राला चार चार किलोमीटरांच्या दोन भुजा काटकोनात का हव्यात, याचेही उत्तर त्यातच आहे. २०१५ ची लहर सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवरून आली होती आणि तिने भुजेच्या लांबीत केलेला बदल प्रोटॉनाच्या व्यासाच्या शतांशाहूनही कमी होता.

शब्द एकदा रुळला की त्याच्या पोटातला दृष्टान्त उपटून काढणे कठीण जाते. 'कृष्णविवर' हा असाच रुळलेला शब्द. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांनी नारायण विनायक जगताप या नावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठविलेल्या कथेचे तेच शीर्षक होते, आणि त्यांच्या लेखनाने मराठी वाचकाला हा विषय घरचा करून दिला. विवर म्हटले की कशात तरी पडलेले भोक डोळ्यांपुढे येते आणि फाटलेली चादर पुन्हा हजर होते. शब्द आता बदलू नये. त्याचे दार्ष्टान्तिक मात्र प्रत्येक वेळी सांगावे, की हे भोक कोणत्याही वस्तूत नाही, जेथून पुढे प्रत्येक वाट आतच जाते अशी ती सीमा आहे.

वालूरच्या बारवेतही एक न्यून राहते, आणि ते लपविणे केसोबासांच्या शिस्तीला सोडून होईल. बारवेत खोली आणि रुंदी एकाच दोरीने मोजता येतात. अवकाशकालात काळाचे माप अवकाशाच्या मापात मिळविताना त्याचे चिन्ह उलटे धरावे लागते. भूमीवरची सरळ वाट ही सर्वांत आखूड असते; अवकाशकालात मुक्तपणे पडणाऱ्याची वाट ही, जवळपासच्या इतर वाटांच्या तुलनेत, त्याच्या स्वतःच्या घड्याळाने सर्वाधिक वेळ घेणारी असते. शिवाय पायऱ्या उतरलेला मनुष्य घागर भरून पुन्हा वर येतो. या उलट्या चिन्हाला लौकिक आणि परीक्षक या दोघांनाही मान्य होईल असा व्यवहारातला दृष्टान्त मराठीतच काय, कोणत्याही भाषेत प्रचलित झालेला नाही. तेथे शिक्षकाने फळ्यावर वजाबाकीचे चिन्ह काढून दाखवावे.